वजनापेक्षा खोक्याचं माप बघा

जड वस्तू काढून टाका म्हणजे परदेशी कुरिअर स्वस्त पडेल असं म्हणतात ना, ते अर्धंच खरं आहे. विमानाने जाणाऱ्या कुरिअरला खरं वजन आणि व्हॉल्यूमेट्रिक वजन यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात. व्हॉल्यूमेट्रिक म्हणजे खोक्याच्या मापावरून काढलेलं वजन: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले 5000, की किलो येतात (बहुतेकांचा आकडा हाच, तरी विचारून घ्या). मी पुण्याहून लेकीला जर्मनीला आईची गोधडी, दोन उश्या आणि स्वेटर पाठवायला गेलो, काट्यावर भरले 9 किलो, मी खूश, तर काउंटरवरच्या मुलाने टेप काढली, 50 बाय 40 बाय 40, म्हणाला काका 16 किलोचे पैसे होतील!! खोका तसाच रिक्षात घालून घरी आणला.

उश्या काढल्या (तिकडे मिळतात की), गोधडी आणि स्वेटर व्हॅक्यूम बॅगेत घालून घरच्या क्लीनरने हवा ओढली, गोधडी पार पापडासारखी झाली, आणि खोका सगळ्या बाजूंनी कटरने कापून 45 बाय 35 बाय 30 केला. हिशोब साडेनऊच्या आत आला, मग उरलेल्या जागेत पोळपाट-लाटणं पण बसवलं. पुस्तकं, भांडी असली तर मात्र उलटं, तिथे खरं वजनच मारतं, त्यामुळे हलकं-फुगीर आणि जड-छोटं एकाच खोक्यात मिसळून भरायचं. आणि हो, बायको अजून म्हणते उश्या पाठवायला हव्या होत्या.