अनुभव धागा: बारावीनंतर अकाउंट्स घ्यायचं का? (बडोदा)

धागाकर्ती: बारावी कॉमर्सचा निकाल लागला की दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंत मराठी घरांत एकच चर्चा: नुसतं बी.कॉम., की सोबत सीए (चार्टर्ड अकाउंटंट), सीएमए (कॉस्ट अकाउंटंट)? या क्षेत्रातल्यांनी लिहावं. ‘स्कोप आहे’ एवढंच लिहून थांबू नका. पेपर, तारखा, कामात कुठे अडतं, ते येऊ द्या.

खतावणी: फाउंडेशन ही सीएची पहिली पायरी. तिची नोंदणी दहावीनंतर लगेच करता येते, परीक्षेला मात्र बारावी झाल्यावर बसायचं. सप्टेंबरच्या परीक्षेसाठी नोंदणीची शेवटची तारीख १ मे. ‘आधी निकाल तर लागू दे’ म्हणणाऱ्यांची ती हुकते आणि गाडी थेट जानेवारीवर जाते.

चार पेपर, प्रत्येकी १०० गुण. प्रत्येकात किमान ४० हवेत आणि एकूण २००. म्हणजे चारही पेपरांत ४५-४५ मिळाले तरी बेरीज १८० आणि निकाल नापास. ‘पास होण्यापुरता’ अभ्यास इथे चालत नाही. एखादा पेपर ६०-६५ पर्यंत ओढावाच लागतो, आणि तो बहुधा अकाउंटिंगचाच असतो. क्वांटिटेटिव्हच्या पेपरात ४० गुण गणिताला, २० लॉजिकल रीझनिंगला, ४० स्टॅटिस्टिक्सला. गुजरात बोर्डाच्या मुलांचं आंकडाशास्त्र (स्टॅटिस्टिक्स) झालेलं असतं, त्यामुळे तो भाग सोपा जातो. अडतं ते गणितात. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, तेव्हा अंदाजाने उत्तरपत्रिकेतले गोळे रंगवू नका.

सयाजीगंज: माध्यम? पुतणी गुजराती माध्यमातली आहे.

खतावणी: इंग्रजी किंवा हिंदी, ताई. लॉच्या (कायद्याच्या) पेपरातलं उत्तर कुठल्या भाषेत नीट लिहिता येतं ते पाहून ठरवा.

मांडवीकर: एम.एस. युनिव्हर्सिटीतही कॉमर्सचं माध्यम इंग्रजीच. पहिल्या वर्षी आकडेमोड जड जात नाही, थिअरी लिहिणं जातं. आणि बी.कॉम.चे टक्के वाया जात नाहीत: कॉमर्स पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला (पुढच्या पायरीला) नोंदणी होते. ज्यांना सतराव्या वर्षी खात्री नाही त्यांच्यासाठी माझ्या मते हाच रस्ता बरा.

आर्टिकलशिप (सीएच्या ऑफिसातली उमेदवारी) दोन वर्षांची, इंटरच्या पेपरांचे दोन्ही ग्रुप झाल्यावर, आठवड्याला ३५ तास. कॉलेजच्या वेळा त्यात अडकणार नाहीत हे आधी बघा. ऑफिस निवडताना फर्मच्या नावापेक्षा काम विचारा. ऑडिट, टॅक्स आणि जीएसटी तिन्ही हाताखालून जायला हवं, नाहीतर दोन वर्षं नुसत्या व्हाउचरवर टिकमार्क करण्यात जातात.

टूबी: नोकरीत महिना तारखांवर चालतो. ७ ला टीडीएस (कापून घेतलेला प्राप्तिकर) भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १४ ला टूबी (पुरवठादारांच्या रिटर्नवरून बनणारी आपल्या खरेदीची यादी) येतं, १५ ला पीएफ, २० ला थ्रीबी (महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न). खरी कसोटी १४ ते २०: खरेदी रजिस्टर आणि टूबी जुळवणं. न जुळण्याची कारणं ठरलेली. पुरवठादाराने रिटर्न उशिरा भरलं, बिल नंबरातला स्लॅश गळला, नाहीतर बिल दुसऱ्याच जीएसटी नंबरवर फाडलं. गुजरातचा नंबर २४ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. दोन्हीकडे शाखा असल्या की हा घोळ हमखास.

अजून एक नेहमीचं: साहेब मुंबईत हॉटेलात राहतात, बिलावर महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी (जीएसटीचा केंद्राचा आणि राज्याचा वाटा) लागतो. कंपनीची नोंदणी फक्त गुजरातेत असेल तर त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वजा करणं) मिळत नाही, ती रक्कम खर्चात जाते. नवशिका क्रेडिट घेऊन बसतो आणि नोटीस आली की सगळे त्याच्याकडे बघतात.

नंदेसरी: सगळे सीएवरच का? आपल्याभोवती रिफायनरी, रसायनं, औषधं, इंजिनीअरिंग. कॉस्टिंगचं, म्हणजे उत्पादनखर्च काढायचं, काम इथे भरपूर. कायद्याने लागणारं कॉस्ट ऑडिट फक्त सीएमए करू शकतो. सीएमएच्या इंटरला ८ पेपर, फायनलला ८, प्रॅक्टिकल ट्रेनिंग १५ महिने. काम कसं असतं? १,००० किलो माल टाकला, नॉर्मल लॉस (नेहमीची, गृहीत धरलेली घट) ५ टक्के, म्हणजे ९५० किलो अपेक्षित. निघाला ९२०. किलोची किंमत ९५० वरच काढायची. त्याहून जास्तीची ३० किलोची घट म्हणजे अॅबनॉर्मल लॉस, ते थेट नफा-तोट्यात. ९२० ने भागलं की प्लांटची चूक उत्पादनाच्या भावात दडते. हे वाचताना मजा आली असेल तर सीएमएचा विचार कराच.

सयाजीगंज: आणि टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर)? क्लासवाले तीन महिन्यांचा कोर्स सांगतात.

खतावणी: टॅली शिकावी, पण कीर्द-खतावणी (रोजच्या नोंदी आणि त्या खात्यांत उतरवणं) हाताने करून झाल्यावर. टॅली न जुळणारी एन्ट्री सेव्हच करू देत नाही, त्यामुळे मुलांना चूक शोधायची सवय लागत नाही. मग ट्रायल बॅलन्सच्या (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीच्या) तळाशी ‘डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस’ आलं, म्हणजे सुरुवातीच्या शिलका जुळल्या नाहीत, की हात-पाय गळतात. तपासायचा क्रम: फरकाला ९ ने भाग जातो का? जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोधा. ४,५३० चे ४,३५० झाले की फरक १८०. जात नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधा, ती चुकीच्या बाजूला बसलेली असू शकते. तेही नसेल तर मागच्या वर्षीचा बॅलन्स शीट समोर ठेवून एकेक खातं. पुतणीला असा एक फरक द्या, ताई. तासाभराने उठून गेली तर बीबीएचे (व्यवस्थापनाच्या पदवीचे) फॉर्मही भरून ठेवा.