केबिनकर (फक्त कामाचं बोला)

मीनलताई: मिनेसोटातल्या ईली गावच्या केबिनमधला हॉलचा हीटर बदलल्याशिवाय मी ख्रिसमसच्या सुट्टीत मुलांना घेऊन येणार नाही. शनिवारी रात्री अडीचला कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे विषारी वायूचा, डिटेक्टर बोंबलला. बाहेर १० फॅरनहाइट आणि आम्ही सगळ्या खिडक्या उघडून बसलोय.

संजूदादा: बॅटरी संपली असेल. हीटर नवा आहे. व्हेंट-फ्री, म्हणजे धुराला बाहेर नळीच नको, ९९ टक्के कार्यक्षम. खोक्यावर लिहिलंय.

मीनलताई: बॅटरी संपली की मधूनच एक चिवचिव होते रे. हे चार-चार बीप होते.

कौस्तुभ: दादा, ९९ टक्के कारण जळलेलं सगळं आतच राहतं. एक गॅलन प्रोपेन जळलं की पाऊण गॅलनहून जास्त पाणी हवेत येतं. काचांवरून ओघळतं ते तेच. खोलीतला ऑक्सिजन १८ टक्क्यांवर आला की हीटर बंद पडतो, पण तो सेन्सर कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही.

संजूदादा: विकत घ्यायला गेलो तेव्हा एवढं ज्ञान कुठे होतं? सगळे 👍 टाकून मोकळे.

अप्पाकाका (पुणे): शुभ सकाळ 🙏 आमच्याकडे गॅस गिझरने बंद बाथरूममध्ये माणसं गेली आहेत. गिझर बाहेर बसवतात, पाणी तेवढं आत येतं. तसंच करा.

निखिल: काका, हीटर बाहेर बसवला तर तळं गरम होईल 😂

कौस्तुभ: काका म्हणतायत ते जवळपास बरोबर आहे. डायरेक्ट व्हेंट हवा. भिंतीतून एकात एक अशा दोन नळ्या, बाहेरच्या नळीतून हवा आत, आतल्या नळीतून धूर बाहेर. खोलीतल्या हवेला हात लागत नाही.

वर्षावहिनी: मध्येच बोलते, सॉरी. गेल्या हिवाळ्यात बर्फ काढणाऱ्याचे पैसे दोन घरांचे बाकी आहेत.

संजूदादा: म्हणजे उष्णता भिंतीबाहेर सोडून अस्वलं शेकवायची.

निखिल: ती झोपलेली असतात दादा. बिल बघून उठतील.

मीनलताई: वीज गेली तर? मागे दोन दिवस नव्हती.

कौस्तुभ: म्हणूनच रिन्नाई कंपनीचा नको म्हणतोय. हीटर उत्तम, पण त्याच्या पंख्याला वीज लागते. एम्पायर कंपनीचा डीव्ही-३५ बघा, तासाला ३५ हजार बीटीयू (उष्णतेचं माप), विजेशिवाय चालतो. पायलटच्या, म्हणजे आत सतत जळणाऱ्या छोट्या ज्योतीच्या, आचेवर थर्मोस्टॅटपुरता करंट तयार होतो. फक्त प्रोपेनचाच मागवायचा, नॅचरल गॅसचा नाही.

संजूदादा: ठीक. बार्बेक्यूचा सिलिंडर जोडू, भिंतीला लागूनच आहे.

कौस्तुभ: २० पौंडांचा सिलिंडर फुल आचेवर बारा तासांत संपतो. शिवाय कडाक्याच्या थंडीत लहान सिलिंडरमध्ये तेवढी वाफच होत नाही. आपल्या शेजारच्या टॉवर गावात २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ६० फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे ५१ सेल्सिअस. प्रोपेन उणे ४२ ला उकळतं. त्या दिवशी मोठी टाकीसुद्धा गप्प बसली असती. पण एरवी मोठी टाकीच हवी, भाड्याने मिळते.

संजूदादा: भाडं कोण देणार?

वर्षावहिनी: पैशांचा विषय निघालाच आहे म्हणून. गेल्या हिवाळ्यात बर्फ काढणाऱ्याचे पैसे दोन घरांचे बाकी आहेत.

निखिल: वहिनी, नावं घ्या ना 🙈

वर्षावहिनी: ज्यांचे आहेत त्यांना कळतं, भाऊजी.

निखिल: 🏃

मीनलताई: नळी कुठून काढायची? तळ्याकडच्या बाजूने छपराचा सगळा बर्फ खाली येतो, तोंड बुजेल.

कौस्तुभ: पश्चिमेची भिंत. बर्फाच्या थराच्या वर, खिडकीपासून लांब. नेमकं अंतर मॅन्युअलमधलं पाळायचं.

संजूदादा: पश्चिमेच्या भिंतीवर माझा वॉलाय आहे.

मीनलताई: तो मेलेला मासा आहे संजू. माझी मुलं जिवंत आहेत.

संजूदादा: तसं नाही गं. मासा काढतो. पण भिंतीला भोक मी पाडणार नाही, उद्या गळलं की पुन्हा माझंच नाव.

कौस्तुभ: कोणीच पाडायचं नाहीये. परवानेवाला गॅसचा माणूस बसवेल, गळतीची चाचणी घेईल. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळलं तर खाली साचतं. तोवर जुना हीटर बंद, धुराड्याची लाकडाची शेगडी पेटवा.

अप्पाकाका (पुणे): बाथरूमची खिडकी उघडी ठेवा. 🙏

निखिल: ठेवतो काका.

वर्षावहिनी: गॅसवाल्याशी बोलले. गुरुवारी सकाळी १० ला बघायला येतोय. पैसे सारखे वाटायचे, आणि आधी जुने. (बर्फ काढणारा, दोन घरं.)

मीनलताई: थँक्स वहिनी. किल्ली कोणाकडे आहे?

मीनलताई: किल्ली??

संजूदादा: मला वाटलं तुझ्याकडे.