मदत हवी आहे : विकिपीडियावरचं साल छापू की नको?

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या (सातारा जिल्हा) यात्रेच्या स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलंय. देवळाचा जीर्णोद्धार कधीचा, यावर गाडी अडलीय. मराठी विकिपीडियावर १७६५ साल दिलंय, पुढे एका वर्तमानपत्राचा संदर्भही. म्हटलं, झालं काम! सहज त्या पानाचं 'इतिहास पहा' (कुणी कधी काय बदललं याची यादी) उघडलं, तर ते साल कुणीतरी खातं न उघडताच २०१४ मध्ये टाकलेलं, आणि बातमी २०१७ची. म्हणजे बातमीदाराने तिथूनच उचललं असणार आणि आता तीच बातमी पुरावा म्हणून उभी!

मराठी विश्वकोशात एवढ्याशा गावाची नोंद कुठून असणार? १८८५च्या सातारा गॅझेटियरमध्ये देवळावर चार ओळी आहेत, साल नाही. गुरवकाका म्हणतात, "आमच्या खापरपणजोबांच्या वेळचं." उंबऱ्याशेजारी कोरीव अक्षरं आहेत, पण त्यांवर शेंदराचे थर.

पुण्याच्या पेशवे दप्तरात देवस्थान इनामाचे कागद कसे शोधायचे? मोडी वाचून देणारं कुणी आहे का? दगडाला इजा न करता अक्षरं वाचता येतील? आणि विकिपीडियावरचं साल उडवू, की नुसतं 'संदर्भ हवा' लावू? छपाईला पंधरा दिवस उरलेत. सरपंच तर म्हणतात, "छापा हो, कोण बघतंय!"