जीव घेणं ही 'आगळीक'?

प्रश्न: आमच्या गल्लीतल्या कुत्रीवर कुणीतरी उकळतं पाणी ओतलं. तक्रारीसाठी कलमं शोधताना जुन्या दंडसंहितेच्या मराठी पाठात जनावर ठार मारण्याला किंवा अपंग करण्याला 'आगळीक' म्हटलेलं दिसलं. 'काही आगळीक झाली असल्यास क्षमस्व' यातलीच ना ही? इतका सौम्य शब्द कशाला?

प्रतिसाद: कायद्यातली आगळीक म्हणजे मालमत्तेची जाणूनबुजून केलेली नासधूस. कलम 428 मध्ये प्राण्याची किंमत निदान दहा रुपये असावी लागे. 429 मध्ये बैल, म्हैस, घोडा, हत्ती यांना किमतीची अट नव्हती, बाकीच्यांना पन्नास रुपयांची होती. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मधून ही अट गेली, पण गुन्हा अजून आगळिकीच्याच पोटात आहे. बैल मेला तर नुकसान धन्याचं, असा तो हिशेब.

प्रतिसाद: म्हणूनच मला 1960 च्या कायद्याचं रूढ नाव मोलाचं वाटतं: प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा. 'क्रूरता' म्हटलं की नजर करणाऱ्याकडे जाते, 'क्लेश' म्हटलं की ज्याला सोसावं लागतं त्याच्याकडे. स्वतःच्याच बैलाला पराणी टोचून रक्तबंबाळ करणारा धनीही इथे गुन्हेगार ठरतो. 'माझं जनावर, मी काहीही करीन' ही भाषा तिथे संपते. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र आजही 10 ते 50 रुपये, याची लाज वाटते.

प्रश्नकर्ती: मग आपली 'भूतदया' आणि प्राण्यांचे 'हक्क' एकच का?

प्रतिसाद: नाही. (भूत म्हणजे इथे जीव.) दया करणाऱ्याच्या मनावर असते, हक्क मागता येतो. संविधानाच्या अनुच्छेद 51-क मध्ये 1976 साली आलं ते प्राणिमात्रांबद्दल 'दयाबुद्धी' बाळगण्याचं कर्तव्य. जल्लिकट्टूच्या (तमिळनाडूतला बैलाला काबूत आणण्याचा खेळ) खटल्यात 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने माणसाच्या अशा कर्तव्यांतूनच प्राण्यांना हक्क आहेत असा अर्थ काढला. 18 मे 2023 ला घटनापीठाने असे खेळ चालू देणाऱ्या राज्यांच्या 1960 च्या कायद्यातल्या दुरुस्त्या, आपल्या बैलगाडा शर्यतीच्या दुरुस्तीसह, वैध ठरवल्या आणि प्राण्यांना मूलभूत हक्क देण्यापर्यंत जायचं नाकारलं. तेव्हा 'हक्क' जरूर म्हणा, 'मूलभूत' हे विशेषण तूर्त लागत नाही. आणि 'अधिकार' टाळा, मराठीत त्याला सत्तेचा वास आहे.

प्रश्नकर्ती: अर्जात दोन्ही कायद्यांची कलमं घातली. वर्णनात 'नुकसान' खोडून 'क्लेश' लिहिलं, कारण तिला धनीच नाही. कुत्री खायला लागली आहे. पाठीवर अजून केस आलेले नाहीत.