घरी बाईकची कामं करायला टॉर्क रेंच कोणता घ्यावा? बजेट अडीच हजार

चिपळूणचा_स्वार
नमस्कार मंडळी. बाईक दीडशे सीसी, जुनी. ऑइल, प्लग, चेन, ब्रेक पॅड घरीच करतो. मागच्या वेळी वेळ नव्हता म्हणून एका गॅरेजात ऑइल बदलून घेतलं, तिथल्या पोराने ड्रेन बोल्ट असा काही आवळला की पुढच्या वेळी मी उघडला तर बोल्टाबरोबर इंजिनाचे आटेच बाहेर आले, अल्युमिनियमची तार गुंडाळल्यासारखी. हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवून घेतलं. आता अंदाजाने आवळायचं नाही, किती जोराने आवळलं ते कळेल असा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, हवाय. मॅन्युअलमध्ये एम६ (६ मिमी) बोल्ट १२ न्यूटन मीटर, ड्रेन बोल्ट ३०, मागचा एक्सल ८८ दिलंय. एकात भागेल असा सुचवा. २५०० च्या वर जाणार नाही. आणि इकडची हवा दमट, पावसाळ्यात हत्यारांना गंज धरतो.

पुणेरी_पाना
डिजिटल घे डोळे झाकून. माझा साडेआठ हजाराला पडला पण काय चीज आहे, आकडा जवळ आला की बीप वाजतो आणि पोचला की दांडा हातात थरथरतो. आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू, बजेट थोडं वाढव.

बुलेटवाली_ताई
अर्धा इंची ड्राइव्हचा (सॉकेट बसतो तो चौकोन) क्लिकवाला घे, लावलेला आकडा आला की क्लिक होतो तो, २८ ते २१० न्यूटन मीटरचा. मी दोन्ही चाकं स्वतः काढून बसवते, शोरूमला पाय ठेवत नाही.

सातारा_ते_लेह
ताई, त्याला १२ लावायचेत आणि तुमचा सुरूच २८ पासून होतो. शिवाय क्लिकवाला त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांच्या खाली भरवशाचा नसतो, ±४ टक्के अचूक म्हणतात ते त्याच्या वरच्या भागापुरतं. म्हणून एकात भागत नाही. पाव इंची ५ ते २५ चा एक आणि तीन सूत (३/८ इंच) ड्राइव्हचा २० ते ११० चा एक, असे दोन घे. काम झालं की स्केलच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर स्प्रिंग दबून राहते. आणि त्याने बोल्ट कधीही सोडवायचा नाही, त्याला साधा पाना.

गल्लीतला_मिस्त्री
काही लागत नाही हो. एम६ ला छोटा पाना दोन बोटांत धरायचा, एक्सलला लांब पाना. हात सांगतो कुठे थांबायचं ते. आमच्याकडे एवढ्या गाड्या येतात, एकाचे आटे गेले नाहीत.

चिपळूणचा_स्वार
दादा, तुमचा हात बसलेला असेल, माझे आटे दुसऱ्याच्या हातानेच गेले ना. हेलिकॉइलचा खर्च मला पडला.

पुणेरी_पाना
कोकणात आहेस तर आट्यांना ग्रीस लावून आवळत जा, गंजच धरणार नाही. आणि डिजिटलच घे.

सातारा_ते_लेह
हे करू नकोस! मॅन्युअलचे आकडे कोरड्या, स्वच्छ आट्यांचे असतात, तेल लावा असं लिहिलं असेल तिथेच लावायचं. ग्रीसने घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

पुणेरी_पाना
मी कायम लावतो, अजून एक बोल्ट तुटला नाही. एक्सल जाम होतो तेव्हा हातोड्याने ठोकत बसायचं का?

सातारा_ते_लेह
एक्सलच्या दांड्याला लाव की, नको कोण म्हणतंय. आट्यांवर नको एवढंच.

बुलेटवाली_ताई
ग्रीसचा वेगळा धागा काढा. त्याला रेंच हवाय. माझं मत अर्धा इंचीच.

उद्यमनगर_टर्नर
कारखान्यात टॉर्क रेंच ५००० वेळा वापरला किंवा वर्ष झालं, जे आधी होईल तेव्हा कॅलिब्रेशनला जातो. घरी कोण पाठवणार? म्हणून तपासायची रीत सांगतो. रेंचचा चौकोनी ड्राइव्ह व्हाइसमध्ये पकडा, दांडा आडवा, आणि चौकोनाच्या मध्यापासून ४० सेंमीवर ५ किलोचं वजन टांगा. म्हणजे २ किलोग्रॅम-मीटर (अंतराचं किलोमीटर नव्हे), साधारण १९.६ न्यूटन मीटर, दांड्याचं स्वतःचं वजन थोडी भर घालतं ते वेगळं. तेवढ्यावर क्लिक आला पाहिजे. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असतं, त्याला ९.८ ने गुणा. आणि फूट-पाउंडची पट्टी न्यूटन मीटर समजून वाचू नका, ३० चे ४० होतात आणि आटे पुन्हा हातात. आमच्या वेळी काट्याचा रेंच असायचा, दांडा वाकतो आणि काटा पट्टीवर आकडा दाखवतो. बिघडायला त्यात काही नाही.

सातारा_ते_लेह
काका, तपासायची रीत एक नंबर. पण काट्याचा आता कोण वापरतं? चाकाखाली वाकून आकडा दिसत नाही. दोन क्लिकवालेच.

गल्लीतला_मिस्त्री
काट्याचा नको. त्यापेक्षा हात बरा.

पुणेरी_पाना
काट्याचा म्हणजे मागे जाणं झालं. डिजिटल.

चिपळूणचा_स्वार
सगळ्यांचे आभार. काट्याचाच घेतला. मामा मुंबईत असतो, त्याने नागदेवी स्ट्रीटवरून आणला, अर्धा इंची, बजेटमध्ये बसला. स्प्रिंग नाही, सेल नाही, सैल करून ठेवायची आठवण नको, आणि काम झाल्यावर तेलाचं फडकं मारलं की वर्षभर बघायला नको. आधी काकांच्या रीतीने वजन टांगलं, काटा २० ला टेकला. मग ड्रेन बोल्ट ३० ला आवळला, नवीन वायसर टाकून. १२ चा आकडा पट्टीवर अगदी खाली येतो आणि नीट वाचता येत नाही, त्यामुळे एम६ साठी पुढे पाव इंची बघेन.

सातारा_ते_लेह
म्हणजे शेवटी दोन लागणारच, मी पहिल्यापासून तेच सांगत होतो.

बुलेटवाली_ताई
घेतलासच तर वाचताना डोळा बरोबर काट्याच्या वर ठेव, बाजूने बघशील तर तीन-चारचा फरक सहज दिसतो. मूठ मधल्या पिनवर मोकळी डोलती ठेव, एका टोकाने दाबलीस की आकडा चुकतो. एक्सलला ८८ लावताना बाईक सेंटर स्टँडवर आणि पुढचा ब्रेक बांधून.