मदत हवी आहे: पहिलाच पीसी जुळवतोय, प्रोसेसर-मदरबोर्ड कोणता घेऊ?

काम कोडिंगचं, सोबत दोन-तीन व्हर्च्युअल मशीन (पीसीतच चालणारे आभासी संगणक) आणि अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग. ग्राफिक्स कार्ड आत्ता नाही, वर्षभराने घेईन. टिळक रोडवर तीन कोटेशनं मिळाली:

(अ) इंटेल आय५-१२४००एफ + एच६१०
(ब) रायझन ५ ५६००जी + बी४५०
(क) रायझन ५ ७६०० + बी६५०एम

(क) सगळ्यात महाग आहे. जास्तीचे पैसे वसूल होतील का?

प्रतिसाद १

(अ) आधी बाद करा. एफवाल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं. कार्डाशिवाय मशीन सुरू होईल, मॉनिटर काळाच राहील. कार्ड नाही हे माहीत असताना दुकानदाराने हे कोटेशन द्यायलाच नको होतं.

(ब) आज चालेल, पण पुढे अडेल. एएम४ जुना सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा), रॅम जुन्या पिढीची डीडीआर४, ती नव्या बोर्डावर बसणार नाही. शिवाय ५६००जी कार्डाला पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा मार्ग) जुना ३.०च देतो.

(क) घ्या. ७६००मधलं ग्राफिक्स जुजबी आहे, गेम विसरा, पण कोडिंगला आणि दोन मॉनिटरना पुरतं. एएम५ सॉकेट २०२७पर्यंत आणि त्यापुढेही चालवू, असं एएमडीने जाहीर केलंय. म्हणजे बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलता येईल.

मात्र कोटेशनवर नुसतं 'बी६५०एम' चालवून घेऊ नका, पूर्ण मॉडेल लिहून घ्या. एकाच चिपसेटच्या (बोर्डावरची मुख्य चिप, इथे बी६५०) बोर्डांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) उष्णता काढणारा हीटसिंक, एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट आणि बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण एवढं बघा. फ्लॅशबॅक असेल तर उद्या नवा प्रोसेसर बोर्डाने ओळखला नाही तरी पेन ड्राइव्हवरून बायॉस बदलता येतो. मॉडेलच्या नावात वायफाय नसेल तर बहुधा बोर्डावरही नसतं.

प्रतिसाद २

त्याच सॉकेटचा रायझन ५ ८६००जी का नाही? कार्डाचं 'वर्षभराने' बऱ्याचदा लांबतं, आणि ८६००जीमधल्या ग्राफिक्सवर हलके गेमही चालतात.

प्रतिसाद १

कार्ड येणारच नसेल तर जरूर. येणार असेल तर नको: ८६००जी कार्डाला आठच लेन (डेटाच्या वाटा) देतो आणि एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) १६ एमबी, ७६००मध्ये ३२.

रॅम डीडीआर५, १६ जीबीच्या दोन पट्ट्या, ६००० वेगाची, एक्स्पोवाली (एक्स्पो म्हणजे रॅमचा छापील वेग चालू करणारी एएमडीची सेटिंग). आत्ता दोन आणि पुढे आणखी दोन असा बेत नको. चार पट्ट्या लावल्या की ७६००चा अधिकृत वेग ३६००वर येतो.

धागाकर्ता

(क) ठरलं. जोडताना नेमकं काय बिघडतं?

प्रतिसाद ३

सगळ्यात जास्त सॉकेटच्या पिना. एएम५मध्ये त्या बोर्डावर असतात. बोर्ड दुकानातच उघडायला सांगा आणि मोबाइलच्या टॉर्चखाली पिना तिरक्या नजरेने बघा; एखादी वाकली असेल तर तिथली चमक तुटलेली दिसते. घरी आल्यावर वॉरंटीत कोणी ऐकत नाही. बिलावर सीरियल नंबर हवा, प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच. ट्रेमधला (डब्याशिवाय सुटा विकलेला) स्वस्त पडतो, पण त्याला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी नसते.

प्रोसेसर कडांना धरून, त्रिकोणाची खूण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. सॉकेटचा खटका लावताना मात्र जोर लागतो, करकर आवाजही येतो. घाबरू नका. डब्यातला कूलर स्क्रूंवर बसतो, त्यामुळे बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट आधी काढा. कूलरला उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावलेलीच येते, वरून आणखी नको. चारही स्क्रू समोरासमोर थोडे थोडे आवळा.

रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बोर्डाला दोनच स्लॉट असतील तर प्रश्नच नाही. पॉवर सप्लायची सीपीयू लिहिलेली ४+४ पिनची वायर वरच्या कोपऱ्यात जाते. ६+२ची कार्डासाठी, ती तिथे कोंबू नका.

पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहील, बोर्डावर रॅमचा दिवा लागलेला असेल. डीडीआर५ ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी ताळमेळ जुळवतो ते) चाललेलं असतं. नेमके इथेच लोक घाबरून बटण बंद करतात आणि ते पहिल्यापासून सुरू होतं. डिस्प्ले आला की बायॉसमध्ये जाऊन एक्स्पो चालू करा, नाहीतर ६०००ची रॅम ४८००वरच पळत राहते. एक्स्पोनंतरच्या रीस्टार्टलाही स्क्रीन पुन्हा थोडा वेळ काळी राहील, तेव्हाही थांबा.