खालच्यांच्या छताला ओल, फ्लशची टाकी वाहते, सिंक तुंबतंय: घरी काय तपासावं, प्लंबर कधी बोलवावा?

तिसरा_मजला:
नमस्कार मंडळी. पुण्यातली १९९८ सालची चार मजली इमारत, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, प्रत्येक फ्लॅटचा पाइप आणि व्हॉल्व्ह वेगळा आहे. बाथरूमची मूळची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन मध्यंतरी बदलून सीपीव्हीसी (प्लॅस्टिकची) केली आहे. नहाणी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचा, सांडपाणी जाण्याचा भाग) आणि फरशी मात्र जुनीच.

खालच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या छताला ओल आली आहे, पोपडे सुटलेत आणि एका कोपऱ्यातून थेंब पडतात. शिवाय आमच्या कमोडच्या टाकीतून पाणी सतत झिरपतं आणि स्वयंपाकघरातलं सिंक फार हळू उतरतं. प्लंबरने दारातूनच पाहून "सगळं बाथरूम फोडावं लागेल" असं सांगितलं. खालच्यांचंही तेच म्हणणं आहे. फोडाफोडीआधी आपण स्वतः काय काय तपासू शकतो?

पाना_पक्कड:
फरशीला अजून हात लावू नका. बाथरूममधून खाली येणारं पाणी तीनच ठिकाणचं असू शकतं: नळाची लाइन, सांडपाण्याची लाइन, किंवा फरशीच्या सांध्यांतून मुरलेलं. नळाची लाइन गळत असेल तर थेंब रात्रंदिवस जवळपास एकाच वेगाने पडतात. बाकीच्या दोन्हींत आंघोळ, कपडे झाले की वाढतात. फक्त पावसाळ्यात ओल येत असेल तर बाथरूम सोडून बाहेरची भिंत आणि डक्ट (उभे पाइप जातात ती मोकळी जागा) बघा.

नळाच्या लाइनची चाचणी घरी करता येते, पण एका अटीवर: गच्चीवर व्हॉल्व्हच्या पुढे, तुमच्या पाइपला वर उघडा एअर पाइप हवा. तो असेल तर असं करा.

आधी फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करा. तुमची टाकी आत्ता वाहतेच आहे, ती चालू राहिली तर चाचणीला काही अर्थ नाही. घरातले सगळे नळ बंद करा. मग गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच बाथरूममधला सगळ्यात खालचा नळ उघडा आणि जेवढं पाणी येईल तेवढं बादलीत मोजा. एक इंची पाइपमध्ये मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं, म्हणजे टाकीपासून आठ मीटर खाली असाल तर चारेक लिटर निघेल. हा झाला तुमचा मूळ आकडा. आता नळ बंद करून व्हॉल्व्ह उघडा, लाइन भरू द्या. रात्री झोपताना व्हॉल्व्ह पुन्हा बंद करा आणि सकाळी, व्हॉल्व्ह न उघडता, तोच नळ उघडून मोजा.

सेकंदाला एक थेंब ही गळती आठ तासांत दीड लिटरच्या आसपास जाते, त्यामुळे फरक लपत नाही. दोन्ही आकडे सारखे आले तर लाइन जवळपास निर्दोष. गरम पाण्याची लाइनही यातच तपासली जाते, कारण ती गळत असेल तर पाणी गीझरमधून पुढे जातच राहतं आणि पाइपमधली पातळी उतरते. मात्र फ्लशची लाइन गच्चीवरून वेगळी आली असेल तर तिचा हिशेब वेगळा.

एअर पाइप नसेल तर ही पद्धत सोडून द्या. वरून हवा न मिळाल्याने पाणी पाइपमध्ये अडकून राहतं आणि आकडे फसवतात. अशा वेळी प्लंबरकडून गेज लावलेल्या हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या. सगळी तोंडं प्लगने बंद करायची, गीझर लाइनमधून काढून तिथे थेट जोड द्यायचा, आणि काटा अर्धा-एक तास हलतो का बघायचं. जुन्या लाइनला ४-५ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब पुरे. गीझर जोडलेला ठेवून पंप मारणारा प्लंबर असेल तर तिथेच थांबवा.

वायसरवाला:
फ्लशबद्दल लिहितो, कारण वरच्या चाचणीआधी तेच काम उरकायला हवं.

टाकीचं झाकण काढून खाण्याचा गडद रंग चमचाभर टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर खालचं रबरी सील गेलंय. रंगाचं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत पडताना दिसलं तर दोष पाणी आत घेणाऱ्या फ्लोट व्हॉल्व्हचा. पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा इंचभर खाली राहायला हवी. फ्लोटच्या दांडीवर स्क्रू किंवा सरकती क्लिप असते, त्यावर ती जुळवता येते. पातळी खाली घेऊनही भरणं थांबत नसेल तर व्हॉल्व्हच्या टोपीखालचा पातळ रबरी पडदा काढून धुवा. सोसायटीची टाकी साफ झाल्यावर आठवडाभर या तक्रारी हमखास येतात, कारण ढवळलेला गाळ आणि वाळूचे कण तिथेच अडकतात.

सील बदलायला पान्याची गरज नाही. अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा. दोन बटणांच्या बहुतेक टाक्यांमध्ये मधला उभा भाग पाव वळण फिरवला की वर निघतो. त्याच्या बुडाला चकतीसारखं सील असतं. बोटाला खाच लागली किंवा रबर फुगलेलं दिसलं तर नवीन आणा, आणि जुनं बरोबर न्या: प्रत्येक कंपनीचा व्यास वेगळा, "स्टँडर्ड साइझ" म्हणून दिलेलं बसेलच असं नाही. सील जिथे टेकतं ती कड फक्त कपड्याने पुसा. क्षार धरले असतील तर लिंबूसत्वाचं पाणी अर्धा तास ठेवा. पॉलिश पेपर अजिबात मारू नका, ओरखड्यांतून गळती कायमची होईल.

अँगल कॉकच बंद होत नसेल तर मात्र थांबा. जोर लावला की तो भिंतीतल्या थ्रेडमधून फिरतो. जुन्या जीआय एल्बोत (कोनाच्या जोडात) गंजलेलं निपल (थ्रेडचा छोटा तुकडा) तुटून आतच राहतं आणि दहा मिनिटांचं काम भिंत फोडण्यावर जातं. माझा साधा नियम: भिंतीच्या बाहेरचं काम घरी, भिंतीतल्या थ्रेडला धक्का लागणार असेल तर प्लंबर. कंसील्ड (भिंतीत बसवलेली) टाकी असेल तर आतले पार्ट कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या.

नवीन कॉक बसवताना टेफ्लॉन टेप थ्रेडच्या दिशेने, म्हणजे टोक आपल्याकडे धरलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे, दहा-बारा वेढे पुरतात. सीपीव्हीसी लाइनला नळ बसतो तिथला एल्बो पितळी थ्रेडचाच हवा. नुसत्या प्लॅस्टिकच्या थ्रेडवर जाड टेप किंवा सुतळी-सफेदा लावून पाना आवळला की एल्बोला केसासारखी चीर जाते. ती त्या दिवशी दिसत नाही, महिन्यांनी भिंत ओली होते.

तिसरा_मजला:
दोघांचेही आभार. फ्लशचं सील बदललं, थांबलं. एअर पाइप आहे, म्हणून पाणी मोजलं: लगेच पावणेचार लिटर, सकाळीही जवळजवळ तेवढंच. म्हणजे लाइन ठीक दिसते. आंघोळी झाल्यावर तास-दोन तासांनी खालचे थेंब वाढतात. मग आता नहाणी ट्रॅप समजायचा का?

कोबा:
ट्रॅप किंवा त्याच्या भोवतीची फरशी. या दोन्हींत फरक करता येतो आणि तो करायलाच हवा, कारण दुरुस्तीच्या खर्चात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

दोन दिवस आंघोळ दुसऱ्या बाथरूममध्ये करा आणि फरशी कोरडी ठेवा. तिसऱ्या दिवशी जाळी काढून, नळी थेट ट्रॅपच्या तोंडात घालून तीन-चार बादल्या पाणी सोडा. फरशीवर थेंबही सांडू नये. खाली थेंब वाढले तर ट्रॅपचा किंवा त्यापुढच्या पाइपचा सांधा गळतोय. वाढले नाहीत तर आणखी दिवसभर थांबून ट्रॅप बंद करा (प्लॅस्टिकच्या पिशवीत कपड्याचा घट्ट बोळा) आणि फरशीवर इंचभर पाणी चोवीस तास कोंडून ठेवा. पाच बाय सात फुटांच्या बाथरूमला ऐंशीएक लिटर लागेल. उंबरा तेवढा उंच आहे ना ते आधी बघा, नाहीतर पाणी बेडरूममध्ये. भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा. दोन-तीन मिलिमीटर उतार बाष्पीभवनाचा धरा, त्याहून जास्त उतरलं आणि खाली ओल वाढली तर फरशी गळते.

पाण्यात रंग घालून बघायला हरकत नाही, पण रंग खाली आला तरच निष्कर्ष काढा. नाही आला म्हणून ट्रॅप निर्दोष ठरत नाही.

याचं कारण तुमच्या बाथरूमच्या पोटात आहे. या काळातल्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बहुधा आठ ते बारा इंच खाली घेतलेला असतो. त्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला असतो. हा भराव वर्षानुवर्षं पाणी धरून ठेवतो. म्हणून थेंब दोन तास उशिरा वाढतात, आणि म्हणूनच गळती बंद केल्यावरही खाली दोन-तीन आठवडे, कधी जास्तच, पाणी येत राहतं. लोक चौथ्या दिवशी "काम फेल गेलं" म्हणून दुसरा प्लंबर आणतात आणि चांगलं झालेलं काम पुन्हा उकरतात. थेंब कमी होत चाललेत का एवढंच बघा. खालच्यांना छत वाळेपर्यंत पुट्टी-रंग करू देऊ नका.

फक्त ट्रॅपची कड आणि टाइल यांच्यामधली फट दोषी निघाली (जुन्या बाथरूममध्ये हेच बहुतेक वेळा निघतं), तर जुनं सिमेंट सेंटिमीटरभर खोल खरवडून, पूर्ण वाळवून, पॉलिमर मॉर्टर भरा. टाइलचे सांधे खरवडून एपॉक्सी ग्राउट करा. ओल्या सांध्यात एपॉक्सी भरलं तर ते धरतच नाही, त्यामुळे दोन-तीन दिवस बाथरूम बंद ठेवायची तयारी हवी. ट्रॅपचा सांधा गेला असेल तर ट्रॅपभोवतीची दोन बाय दोन फूट फरशी उघडून काम होतं. कोंडलेलं पाणी सरळ उतरत असेल आणि टाइल ठोकल्यावर पोकळ वाजत असतील तरच पूर्ण बाथरूम काढा. मग वॉटरप्रूफिंगवर, टाइल बसवण्याआधी, ४८ तास पाणी भरून दाखवायची अट कंत्राटदाराला आधीच लिहून द्या.

खालून छतात केमिकल इंजेक्शन मारून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. वरचं पाणी चालू असताना खालची वाट बुजवली की ते शेजारच्या बीमजवळून निघतं. छताचं काँक्रीट सुटून सळया उघड्या दिसत असतील तर प्लंबरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

पाना_पक्कड:
कोबा यांच्याशी सहमत, एक भर. पाणी डक्टमधल्या उभ्या सांडपाण्याच्या पाइपमधून येत असेल तर तो सोसायटीचा विषय आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक पाइपलाइनच्या गळतीचा खर्च सोसायटीचा, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंच्या गळतीचा सभासदाचा. ट्रॅपचा पाइप डक्टमध्ये जिथे उभ्या लाइनला मिळतो तो सांधा बॅटरी मारून बघा, ओघळ दिसतात. वरच्यांनी फ्लश केल्यावर तुमचा ट्रॅप गुडगुडतो आणि वास येतो का? तसं असेल तर उभ्या लाइनचा गच्चीवरचा वायुवाहक पाइप तुंबला असण्याची शक्यता आहे, तेही सोसायटीचंच काम.

वायसरवाला:
सिंक राहिलंच. ओट्याखालच्या बॉटल ट्रॅपखाली बादली ठेवा, बुडाची वाटी हाताने फिरवून काढा. चहाची पूड, भात आणि तुपाचा थर तिथेच सापडतो. परत बसवताना रबरी वायसर जागेवर आहे ना बघा, पाना न लावता हातानेच आवळा. तरी हळूच उतरत असेल तर अडथळा पुढे आहे: ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद करून रबरी पंप मारा, मग स्प्रिंगची तार. उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसीचा पाइप मऊ पडून सांधे सुटतात. हाताला सोसेल इतकंच गरम घ्या. ॲसिड तर नकोच, आणि आधी ब्लीच किंवा दुसरं क्लीनर ओतलं असेल तर मुळीच नको, ब्लीचबरोबर क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. तुंबा काढायची पावडर ओतून झाल्यावर प्लंबर बोलवलात तर त्याला तसं आधी सांगा, ट्रॅप उघडताना ते पाणी त्याच्याच हातावर पडतं.

तार सहा-सात फूट जाऊनही मोकळं झालं नाही, किंवा सिंक वापरलं की बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येतं असं असेल, तर तुंबा मुख्य लाइनमध्ये आहे. मग मशीनवाला बोलवा.